पाचशेची नोट आणि एक मीटरचा पिंजरा

आज आपण दक्षिण कोरियाला चाललोय. नाही, के-ड्रामावर बोलायचं नाहीये. बोलायचंय जहाजांवर.

तुमच्यापैकी कितीतरी जण हा भाग सॅमसंगच्या फोनवर ऐकत असतील. सॅमसंग जहाजंही बांधते, हे माहीत होतं? आणि खाली पार्किंगमध्ये ज्या ह्युंदाईची क्रेटा उभी आहे, त्याच घराण्याचा उल्सानचा जहाज कारखाना जगातला सगळ्यात मोठा. आज हा विषय काढायचं कारण म्हणजे २४ सप्टेंबर २०२५ ला आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. तेव्हापासून 'कोरियाने करून दाखवलं, आपणही करू' हे बरंच कानावर येतं. मला प्रश्न पडला की कोरियाने केलं म्हणजे नक्की काय केलं? आणि कोणाच्या जिवावर?

सुरुवात एका नोटेपासून करू.

१९७१ साल. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग लंडनला गेले. त्यांना जहाज कारखाना काढायचा होता, पण हातात पैसा नव्हता, तंत्रज्ञान नव्हतं, आणि मोठं जहाज बांधायचा अनुभव तर शून्य. ए अँड पी ॲपलडोर नावाच्या सल्लागार कंपनीचे प्रमुख चार्ल्स लाँगबॉटम यांच्यापुढे ते बसले. समोरचा माणूस काही पाघळेना. तेव्हा चुंग यांनी खिशातून ५०० वॉनची नोट काढून टेबलावर ठेवली. नोटेवर होतं 'कासव-जहाज', सोळाव्या शतकात ॲडमिरल यी सुन-शिनने जपान्यांविरुद्ध वापरलेलं. बघा, तुमच्या किती आधीपासून आम्ही जहाजं बांधतोय! पुढे बार्कलेज बँकेचं कर्ज मिळालं. ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांनी दोन प्रचंड तेलवाहू जहाजांची ऑर्डर दिली. ऑर्डर मिळाली तेव्हा उल्सानच्या त्या जागेवर होता फक्त समुद्रकिनारा.

गोष्ट भारी आहे. चुंग यांनी स्वतःच ती सांगितली आणि कोरियात शाळकरी पोरांनाही ती पाठ असते. पण मला विचाराल तर नोट बघून कुठलीही बँक कर्ज देत नाही. बँक बघते हमी, आणि हमी कोरियन सरकारची होती. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही लष्करातून सत्तेवर आलेले. जहाजबांधणीला चालना देणारा कायदा त्यांच्या सरकारने १९६७ मध्येच केला होता, आणि १९७३ च्या जानेवारीत त्यांनी अवजड आणि रासायनिक उद्योगांची मोठी मोहीम जाहीर केली. स्वस्त कर्जं, करसवलती, कोणत्या घराण्याने कोणता उद्योग काढायचा याचा निर्णय, सगळं वरून. नोट चुंग यांच्या खिशातली, पण जोखीम सरकारच्या तिजोरीची.

१९७२ च्या मार्चमध्ये उल्सानला कुदळ मारली. गोदी आणि गोदीत बांधायचं जहाज, दोन्ही एकाच वेळी उभं राहत होतं. जून १९७४ मध्ये कारखाना पुरा झाला. आणि नेमकं त्याच सुमारास तेलसंकटाने तेलवाहू जहाजांचा बाजार कोसळला. काही ग्राहकांनी बांधून तयार असलेली जहाजं उचललीच नाहीत. मग ह्युंदाईने १९७६ मध्ये स्वतःचीच जहाजवाहतूक कंपनी काढली आणि ती जहाजं तिथे लावली. देशात येणारं कच्चं तेल देशी जहाजांनी आणायचं, हे धोरण सरकारने आखलं, त्यामुळे त्यांना कामही मिळालं. म्हणजे बाजारात माल खपेना तर सरकारने बाजारच तयार करून दिला.

इथपर्यंतची गोष्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकांत सापडते. त्यांत सहसा नसतं ते सप्टेंबर १९७४. कारखाना पुरा होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. उल्सानच्या यार्डात कामगारांचा उद्रेक झाला, मोडतोड झाली, पोलीस आले. कारण काय, तर कंपनीच्या थेट पटावरचे कामगार ठेकेदारांच्या हाताखाली द्यायची पद्धत. ही तारीख लक्षात ठेवा. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या एका भांडणाचंच पुढचं रूप आहे: जहाज बांधणारा माणूस नक्की कोणाचा कामगार?

आता मी जरा उडी मारते, थेट १९८७ वर. जूनमध्ये लोकांच्या आंदोलनापुढे लष्करी राजवटीला थेट निवडणूक मान्य करावी लागली आणि जुलै ते सप्टेंबर देशभर संपांची लाट आली. उल्सानला ह्युंदाईचे हजारो कामगार फोर्कलिफ्ट आणि अवजड गाड्या पुढे घालून शहरात मोर्चाने निघाले. गोजे बेटावरच्या ओक्पो गावात देवूच्या यार्डातला ली सोक-क्यू हा तरुण कामगार अश्रुधुराच्या नळकांड्याचा तुकडा लागून २२ ऑगस्टला मेला. त्याच्या प्रकरणात कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका वकिलाला अटक झाली. वकिलाचं नाव रोह मू-ह्युन. पंधरा-सोळा वर्षांनी तोच माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१९८७ नंतर खऱ्या युनियन आल्या, कायम कामगारांचे पगार वाढले, घरं झाली, पोरं कॉलेजात गेली. आणि कंपन्यांनी काय केलं? कायम कामगार घेणं हळूहळू कमी केलं आणि यार्डाच्या आतच ठेकेदार बसवले. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तर हे फारच वाढलं. त्याच गोदीत, त्याच जहाजावर, तेच वेल्डिंग. फक्त हेल्मेटवरचं कंपनीचं नाव वेगळं आणि पगार कमी. आपल्याकडे एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगायला लागणार नाही.

दुसरं हत्यार होतं कोर्टाचं. संप झाला की कंपनी युनियनवर आणि पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा ठोकायची, पगार आणि मालमत्तेवर जप्ती आणायची. बुसानच्या योंगदो बेटावर हानजिन कंपनीचं यार्ड होतं, १९३७ मध्ये जपानी राजवटीत सुरू झालेलं, पुढे काही काळ सरकारी असलेलं, म्हणजे कोरियातलं जुन्यातलं जुनं. तिथले युनियन नेते किम जू-इक २००३ मध्ये ८५ नंबरच्या क्रेनवर चढले. १२९ दिवस ते वर होते. कंपनी बोलणी करेना, दावे आणि जप्त्या मागे घेईना. ऑक्टोबरमध्ये त्यांनी त्या क्रेनवरच आयुष्य संपवलं.

याच यार्डात १९८१ मध्ये एक २१ वर्षांची मुलगी वेल्डर म्हणून लागली होती. किम जिन-सुक. मालकाच्या ताटाखालचं मांजर झालेल्या युनियनवर टीका करणारी पत्रकं वाटली म्हणून १९८६ मध्ये तिला काढून टाकलं. पोलिसांनी नेलं, मारहाण झाली. त्यानंतर तिने आयुष्यभर कामगार संघटनेचंच काम केलं. २०१० च्या शेवटी हानजिनने शेकडो कामगार कमी करायचं जाहीर केलं. कंपनीने तोवर फिलिपिन्समध्ये सुबिक बे इथे स्वस्त मजुरीवर चालणारं भलंमोठं यार्ड उभारलं होतं. ६ जानेवारी २०११ च्या पहाटे किम जिन-सुक क्रेनवर चढल्या. वय पन्नाशीचं. क्रेन तीच, ८५ नंबर.

त्यांच्यापाशी स्मार्टफोन होता. २०११ म्हणजे कोरियातही स्मार्टफोन नवाच. ३५ मीटर उंचीवरून, थंडीवाऱ्यात, त्या ट्विटरवर लिहायला लागल्या. खाली काय चाललंय, रात्री समुद्र कसा दिसतो, जेवायला काय आलं. लिहिण्यात विनोदही भरपूर. टीव्हीवाल्यांनी सुरुवातीला फारसं लक्ष दिलं नाही, पण फोनवरून गोष्ट पसरली. जूनमध्ये सोलहून आणि इतर शहरांतून लोक बसगाड्या करून बुसानला निघाले. 'आशेची बस' असं त्या मोहिमेचं नाव. विद्यार्थी, लेखक, कडेवर पोरं घेतलेले आईबाप, ज्यांचा जहाजाशी काही संबंध नाही असे हजारो लोक. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. लोक पुन्हा आले, पाच वेळा आले. संसदेत कंपनीच्या मालकाला बोलावून जाब विचारला गेला. १० नोव्हेंबरला, ३०९ व्या दिवशी, किम जिन-सुक खाली उतरल्या. काढलेल्या कामगारांना परत घेण्याचा करार झाला होता.

सुबिकचं ते स्वस्त यार्ड २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेलं, हे जाता जाता सांगून ठेवते.

आता येऊ ओक्पोला, देवूच्या यार्डाकडे. कारण सरकारी मदत आणि संप ही दोन टोकं सगळ्यात उघडपणे तिथे एकत्र आली.

१९९९ मध्ये देवू समूह बुडाला. यार्ड मात्र चांगलं होतं, त्यामुळे ते वाचवलं गेलं आणि कोरिया डेव्हलपमेंट बँक, म्हणजे शंभर टक्के सरकारी बँक, त्याची मुख्य मालक झाली. 'कायमचं नाही, खरेदीदार मिळेपर्यंतच,' असं म्हणत म्हणत ती मालकी वीस वर्षांहून जास्त टिकली. २०१४-१५ मध्ये तेलाचे भाव पडले, समुद्रातल्या तेलविहिरींच्या अवाढव्य प्रकल्पांत यार्डाचे हात पोळले, आणि वर हिशेबातले घोटाळे बाहेर आले. तोटा वर्षानुवर्षं लपवला होता. माजी प्रमुखाला ९ वर्षांचा तुरुंगवास झाला.

सरकारी बँकांनी काय करावं? ऑक्टोबर २०१५ मध्ये ४.२ लाख कोटी वॉन द्यायचं ठरवलं. त्या वेळच्या हिशेबाने साधारण २४ हजार कोटी रुपये, एकाच यार्डासाठी. २०१७ मध्ये आणखी २.९ लाख कोटी वॉन. (आपल्या ६९,७२५ कोटींच्या पॅकेजमध्ये जहाज बांधायला थेट मदत करणाऱ्या योजनेची रक्कम आहे २४,७३६ कोटी, ती सगळ्या देशासाठी आणि २०३६ पर्यंत. म्हणजे अंदाज येईल.)

मदतीबरोबर अटी आल्या: खर्च कमी करा. आणि यार्डात खर्च कमी करायची सगळ्यात सोपी जागा कोणती, तर ठेकेदाराचा दर. ठेकेदाराचा दर कापला की ठेकेदार कामगाराचा पगार कापतो. बोनस हळूहळू बंद झाला. कोरियाच्या जहाज उद्योगात २०१४ मध्ये सुमारे २ लाख माणसं होती, २०२१ पर्यंत ती १ लाखाच्याही खाली गेली. सर्वात आधी गेले ते ठेक्यावरचे, कारण त्यांना काढण्यासाठी 'काढावं' लागतच नाही. ठेकेदाराचं कंत्राट संपलं, की झालं.

२०२१ मध्ये बाजार पुन्हा उसळला. कोरियाकडे एलएनजी वाहून नेणाऱ्या जहाजांच्या ऑर्डरींची रांग लागली. पण वेल्डर कुठे होते? ते गेले होते प्योंगटेकला, सॅमसंगचा चिप कारखाना बांधायच्या साइटवर. तिथे रोज जास्त मिळत होता. (तुमच्या फोनचा संबंध परत आला बघा.) यार्डात उरलेल्यांचं म्हणणं साधं होतं: संकटाच्या वर्षांत आमचा पगार ३० टक्के उतरला, आता काम आलंय, तो परत द्या.

२ जून २०२२ ला ठेका कामगारांच्या युनियनने संप सुरू केला. शे-सव्वाशे माणसं, यार्डात हजारो असताना. दाद लागेना. ठेकेदार म्हणायचे, आमच्या हातात काय आहे, दर देवू ठरवते. देवू म्हणायची, ही आमची माणसंच नाहीत, त्यांच्या ठेकेदारांशी बोला. बँक म्हणायची, आम्ही भागधारक, कामगारांच्या वाटाघाटीत आम्ही पडत नाही. आणि सरकार म्हणायचं, दोन खासगी पक्षांमधला वाद आहे, तो त्यांनी सोडवावा. ऐकून आपल्या सरकारी कचेरीतल्या खिडक्या आठवल्या ना? या खिडकीवरून त्या खिडकीवर.

२२ जूनला १ नंबरच्या गोदीत, बांधकाम चालू असलेल्या तेलवाहू जहाजाच्या तळाशी सात जण शिरले. सहा जण उंचावर चढून बसले. सातवे यू च्वे-आन, युनियनचे उपाध्यक्ष, वीस वर्षांहून जास्त अनुभवाचे वेल्डर. त्यांनी लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करून स्वतःला आत वेल्ड करून घेतलं. पिंजरा केवढा? लांबी, रुंदी, उंची, सगळं एक-एक मीटर. आत पाय पसरता येत नाहीत, उभं राहता येत नाही. संडासला जाता येत नाही म्हणून डायपर. बाहेर फलक धरला होता, त्यावरच्या मजकुराचा अर्थ: 'असंच जगत राहणं शक्य नाही, हो ना?'

त्या वर्षी कोरियात किमान वेतन महिन्याला १९ लाख वॉनच्या थोडं वर होतं. या अनुभवी वेल्डरच्या हातात पडायचे सुमारे २० लाख वॉन. साधारण १६ वॉनचा एक रुपया धरा. आपल्याला आकडा मोठा वाटेल, पण तिथल्या मापाने तो नवख्या पोराचा पगार.

जहाज पाण्यात सोडता येईना, त्यामुळे मागची जहाजं अडकली. रोजच्या नुकसानीचे आकडे पेपरात यायला लागले. मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो यानंतरचा भाग. यार्डातले कायम कामगार, म्हणजे १९८७ ला लढून युनियन मिळवलेल्यांचे वारसदार, त्यांतले बरेच जण संपाविरुद्ध उभे राहिले. 'आमचं यार्ड बुडवू नका' म्हणत मानवी साखळी झाली. देशपातळीवरच्या धातू कामगार संघटनेने संपकऱ्यांना साथ दिली, म्हणून त्या संघटनेतूनच बाहेर पडायचं का यावर कायम कामगारांचं मतदान सुरू झालं. मतमोजणी वादात अडकली. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, मी ठरवणार नाही. यार्ड बंद पडलं तर गोजे बेटावर दुसरं काय आहे? सॅमसंगचं यार्ड, आणि मासेमारी. पण एका जहाजावर दोन जातींचे कामगार तयार झाले होते आणि त्यांना समोरासमोर आणायला कोणाला फार कष्ट घ्यावे लागले नाहीत.

आणि तो 'खासगी वाद'? राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांनी हे बेकायदा आहे, फार वाट पाहिली, असा इशारा दिला. मंत्री ओक्पोला धावले, पोलिसांची जमवाजमव झाली. म्हणजे पगार वाढवायच्या वेळी सरकार त्रयस्थ होतं, पण गोदी मोकळी करायच्या वेळी मालक! कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर सरकारी बँकेकडे असताना हे चाललं होतं.

२२ जुलैला, ५१ व्या दिवशी समझोता झाला. मागणी ३० टक्क्यांची, मिळाले ४.५ टक्के. यू च्वे-आन ३१ दिवसांनी पिंजऱ्याबाहेर आले, तेही स्ट्रेचरवर. दुसऱ्या दिवशी जहाज पाण्यात सोडलं गेलं. नुकसानभरपाईच्या दाव्यांचं काय करायचं, हा मुद्दा समझोत्यात तसाच लोंबकळत राहिला होता. ऑगस्टमध्ये कंपनीने युनियनच्या पाच जणांवर दावा लावला: ४७०० कोटी वॉन. तीनशे कोटी रुपयांच्या जरा खाली. मी गणित करून बघितलं. पाचही जणांनी त्या २० लाखांच्या हिशेबाने पगाराचा पै न् पै दिला, जेवले नाहीत, भाडं दिलं नाही, तरी फेड व्हायला ३९० वर्षं लागतात.

असा दावा वसूल करायला नसतोच. बाकीच्यांनी बघावं म्हणून असतो.

पण कोरियात या ४७ आकड्याला एक जुना संदर्भ आहे. सँगयाँग मोटर्स आठवते? आपल्या मुंबईच्या महिंद्राने २०११ मध्ये घेतलेली कंपनी. महिंद्रा येण्याच्या आधी, २००९ मध्ये तिथे ७७ दिवसांचा संप झाला होता, आणि नंतर कोर्टाने कामगारांना ४७० कोटी वॉन भरायला सांगितले. २०१४ मध्ये एका बाईने साप्ताहिकाच्या कार्यालयाला पाकीट पाठवलं, त्यात ४७ हजार वॉन. म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये. मागे एक लाख माणसांनी असंच दिलं तर कर्ज फिटेल, असा तिचा हिशेब. कोरियात पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून मिळायचा, म्हणून त्या मोहिमेचं नाव 'पिवळं पाकीट'.

त्याच नावाने एक कायदा पुढे आला. त्यात मुख्य गोष्टी दोन. एक, कागदावर करार नसला तरी कामाच्या अटी प्रत्यक्षात जो ठरवतो तोही मालक, त्याला वाटाघाटीला बसावं लागेल. दोन, संपाबद्दल कामगारांवर हवे तेवढे दावे लावता येणार नाहीत. म्हणजे १९७४ च्या सप्टेंबरमध्ये उल्सानला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, पन्नास वर्षांनी. २०२३ मध्ये संसदेने तो मंजूर केला, राष्ट्राध्यक्ष युन यांनी नकाराधिकार वापरला. २०२४ मध्ये पुन्हा मंजुरी, पुन्हा नकार. मग युन यांचं मार्शल लॉ प्रकरण झालं, ते गेले, आणि नव्या राजवटीत २४ ऑगस्ट २०२५ ला कायदा मंजूर झाला. अंमलबजावणीची तारीख ठरली १० मार्च २०२६. उद्योगसंघटनांनी जोरदार विरोध केला: शेकडो ठेकेदारांच्या युनियनांशी एक कंपनी कशी बोलणार, ऑर्डरी चीनला जातील. चीनची भीती खोटी नाही, जगातली निम्म्याहून जास्त जहाजबांधणी आज तिकडे आहे.

दरम्यान देवूचं ते यार्ड २०२३ मध्ये हान्वा समूहाने घेतलं, २ लाख कोटी वॉनला. सरकारी बँकांनी दोन वेळा मिळून त्याच्या तिपटीहून जास्त पैसा त्यात ओतला होता, हा हिशेब ज्याने त्याने करावा. नाव बदलून झालं हान्वा ओशन. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी पाच जणांवरचा तो ४७०० कोटींचा दावा मागे घेतला.

किम जिन-सुक यांचं सांगायचं राहिलं. २०११ च्या करारात बाकीचे परत कामावर गेले, त्या नाही गेल्या. त्यांची बडतर्फी १९८६ ची, ती त्या करारात नव्हती. पुढे यार्ड विकलं गेलं, मालक बदलले. २५ फेब्रुवारी २०२२ ला, निवृत्तीचं वय उलटून गेल्यावर, कंपनीने त्यांना एका दिवसासाठी कामावर घेतलं आणि त्याच दिवशी निवृत्त केलं. ३६ वर्षांनी त्या निळा गणवेश घालून गेटमधून आत गेल्या. त्यानंतर चार महिन्यांतच यू च्वे-आन पिंजऱ्यात बसले.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरात, ओळखीत कोणी माझगाव डॉक, गोवा शिपयार्ड किंवा कुठल्याही गोदीत ठेक्यावर काम केलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकू.